पंगतीतला वेगळा आकडा

नसरीन,

तुझ्या घरी अजून माणसांची ये-जा चालू आहे. लतीफभाई दाराजवळ खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगतात, की सकाळपर्यंत चांगली होती, चहासुद्धा तिनंच केला. मी आज गेले नाही. गेले की बायका सरकून मला जागा करून देतात, तुझी मैत्रीण म्हणून. मग बोलायला काही सुचत नाही. तुझ्याशी मात्र सुचतंय, म्हणून घरीच बसले आहे.

तू मला कधी नावानं हाक मारली नाहीस. अल थुमामाच्या या कंपाउंडमध्ये तुम्ही शेजारी राहायला आलात, मी शाळेत गणित शिकवते हे तुला कळलं, आणि त्या दिवसापासून मी ‘टीचर’ झाले. तुझ्या मुलाला मी एक दिवसही शिकवलं नाही. आदिल त्याच्या आधीच अमेरिकेला गेला होता. शिकवलं ते तुला, आणि शिकवलं काय, तर अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतले पोल कसे वाचायचे! कुणाला सांगितलं तर हसतील. आपल्या दोघींना तिथं मत नाही. इथं कतारमध्येही नाही. भारतात आहे म्हणायचं, तर मतदानाच्या दिवशी आपण नेमक्या इथं.

तो पहिला शुक्रवार मला स्वच्छ आठवतो. पुरुष मंडळी जुम्म्याच्या नमाजाला गेली होती. माझा नवरा दुखानच्या तेलविहिरींवरून आठवड्याची ड्युटी करून आला होता आणि आत झोपला होता. तू हातात फोन घेऊन आलीस, बसलीसही नाहीस.

“टीचर, हे मिशिगनचे आकडे कसे वाचायचे?”

“कसले आकडे?”

“इलेक्शनचे. रोज येतात बघ. कुणी बोलतो हा पुढं, कुणी बोलतो तो. खरा कुठला?”

मला वाटलं, टीव्हीवर बघून उत्सुकता लागली असेल. तुझ्या टीव्हीवर तेव्हा दिवसभर एकच होतं: पडलेल्या इमारती, ढिगाऱ्यातून काढलेली मुलं. अशी दृश्यं आली की तू आवाज बंद करायचीस, चित्र तसंच ठेवायचीस. त्या युद्धाचं पुढं काय होणार हे या निवडणुकीवर ठरेल, असं इथं जो तो म्हणत होता. मी तसं काहीतरी बोललेही. तू मान हलवलीस.

“तेही हाय. पण माझं वेगळं हाय, गो.” मग बसलीस आणि ओढणी सारखी करत सांगितलंस, “आदिलचा फोन येतो. जेवलास? जेवलो. थंडी हाय? हाय. अब्बा कसे? बरे. झालं. मग तो गप, मी गप. लोकांना फोन करून कुणाला मत देणार ते विचारायचं, असल्या कंपनीत तो कामाला हाय. त्याच्या कामातलं मला काय विचारता आलं तर बोलेल ना तो?”

तुमच्या घरातलं मला थोडंफार माहीत होतं. लतीफभाईंनी इंडस्ट्रियल एरियातल्या त्यांच्या कंपनीत आदिलसाठी शब्द टाकला होता. रत्नागिरीत मुलगीही बघून ठेवली होती. आदिलनं दोन्हीला नाही म्हटलं, तेव्हापासून लतीफभाई फोनवर येत नव्हते. तू फोन ठेवलास की मात्र दुसऱ्या खोलीतून विचारायचे, “थंडी आहे म्हणाला का?”

तर त्यासाठी तुला पोल शिकायचे होते. मी इतकी वर्षं शिकवते आहे. इतक्या चांगल्या कारणानं गणित शिकायला दुसरं कुणी माझ्याकडे आलेलं नाही.

तू सोपी विद्यार्थिनी नव्हतीस. सगळ्या देशाची मतं एकत्र मोजून अध्यक्ष ठरत नाही, राज्यानुसार ठरतो, हे मी फळ्यावर सांगावं तसं सांगत होते. तू मधेच म्हणालीस, “म्हणजे वाडीवाडीनं. ज्या वाडीचं आधीच ठरलंय तिकडं कुणी फिरकत नाय. ज्या वाडीत भांडण हाय तिथंच सगळे जाऊन बसतात.” मी म्हटलं, बरोबर, मिशिगन म्हणजे भांडणाची वाडी. तुला ते इतकं आवडलं, की पुढं पेन्सिल्व्हेनिया आणि विस्कॉन्सिन यांनाही तू वाड्याच म्हणायला लागलीस.

मग मी शितावरून भाताची परीक्षा सांगितली. थोड्या लोकांना विचारून सगळ्या राज्याचा अंदाज कसा घेतात, ते समजावायला मराठी बाईला याहून सोपं उदाहरण कुठलं? पण तू मान्य करेनास.

“साध्या भाताला चालेल. बिर्याणीला नाय. वरचा थर कोरडा, तळाला मसाला. वरच्या वर एक शीत उचललंस तर बोलशील, हिनं मीठच घातलेलं नाय.”

“मग काय करायचं?”

“पळी तळापर्यंत घालायची आणि उभी वर काढायची.”

तुला कधी सांगितलं नाही, नसरीन, पण पुढच्याच आठवड्यात मी दहावीच्या वर्गात हेच उदाहरण दिलं. नमुना म्हणजे काय हे पुस्तकातल्या दोन पानांनी कळत नव्हतं, ते पोरांना तुझ्या पळीनं कळलं. माझंच म्हणून खपवलं. घरी येऊन तुला सांगायचं मनात होतं, आणि मग उत्तरपत्रिका तपासायला बसले.

सगळ्यात जास्त तुला आवडलं ते वजन देणं. फोन उचलतात ती बहुतेक म्हातारी माणसं, तरुण उचलतच नाहीत. मग जे थोडे तरुण सापडतात त्यांच्या उत्तराला जास्त वजन द्यायचं, म्हणजे राज्यात तरुण जितके आहेत तितका त्यांचा आवाज होतो. हे मी सांगितलं तेव्हा तू फोन बाजूला ठेवलास. मग म्हणालीस, “घरात जो बोलत नाय त्याचा आवाज आपण वाढवून ऐकायचा. असंच ना?”

मी हो म्हटलं. तू आदिलबद्दल बोलते आहेस असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, लतीफभाईंबद्दलही असेल.

दोन उमेदवारांमध्ये अगदी कमी अंतर असलं की कुणीच पुढं नाही असं समजायचं, हे मात्र तुला कधी पटलं नाही. “एवढ्या लोकांना फोन लावले, एवढा खर्च केला आणि शेवटी काय, तर सांगता येत नाय? हे मी इथं बसून सांगितलं असतं.” यावर आपण दोघी किती हसलो होतो! माझा नवरा आतून उठून आला होता, काय झालं म्हणून.

आणि मग तो शुक्रवार. तू दार वाजवलं नाहीस, सरळ आत आलीस. “बोलला, गो! मी विचारलं, तुम्ही जवान पोरांना वजन कसं देता? तो गपच झाला. मला वाटलं फोन कटला. मग बोलला, अम्मी, तुला हे कुणी सांगितलं? आणि जो सुरू झाला, श्वास घ्यायचा नाय. मधे मधे इंग्लिश. मला अर्धं कळलं, अर्धं नाय. पण मी हं हं करत राहिले.” तुझे डोळे भरले होते आणि तू हसत होतीस. त्या दिवशी तू आणलेली सुरमई तळून आपण स्वयंपाकघरात उभ्यानंच खाल्ली.

त्यानंतर तुझे प्रश्न वाढले. आधी ते माझ्याकडे यायचे, मग आदिलकडे जायचे. काही दिवसांनी उलटं झालं. तूच मला सांगायला लागलीस, की अमुक कंपनी मोबाईलवर मेसेज पाठवून विचारते, तमुक कंपनी घराघरांतल्या लँडलाइनवर फोन लावते, म्हणून दोघांचे आकडे जुळत नाहीत. मी सगळ्या पोलची सरासरी बघायची. तुला सरासरीत रस नव्हता. “ह्या माणसांना विचारलं कुणी, कधी विचारलं, ते बघ आधी.” यावरून आपलं रोज वाजायचं. गोड भांडण होतं ते, खरं म्हणजे.

गोड नसलेलं भांडण एकदाच झालं.

निवडणूक अगदी तोंडावर आली होती. मिशिगनच्या बाकी सगळ्या पोलमध्ये दोघं बरोबरीत, आणि आदिलच्या कंपनीचा पोल आला तो एकाला भलताच पुढं दाखवणारा. इंटरनेटवर लोक तुटून पडले. तू आडवारी, भर दुपारी आलीस. मी शाळेतून नुकतीच आले होते, डोकं दुखत होतं. तू फोन माझ्यापुढं धरलास.

“हे बघ काय काय लिहितात. आदिल फोन उचलत नाय कालपासून. तूच सांग, त्यांचं चुकलं काय?”

मी बघितलं. असे आकडे अधूनमधून येतात. इतक्यांदा पळी घातली की एखाद्या वेळी नुसता मसालाच वर येणार. हे तुला शांतपणे सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “असा एखादा आकडा बाकीच्यांशी जुळत नसला की सरळ कचऱ्यात टाकायचा. त्याच्यावर विचार करू नकोस.”

“कचऱ्यात?”

“अगं, म्हणजे धरायचा नाही.”

“माझा पोरगा तिथं रात्रंदिवस राबतो. त्याचं काम कचरा?”

“त्याचं म्हणत नाहीये मी. आकड्याचं म्हणतेय.”

तू उभी राहिलीस. “वर्गात एखाद्या पोरानं सगळ्यांपेक्षा वेगळं उत्तर लिहिलं तर तू त्याचा पेपर फाडतेस?”

“चुकलं असेल तर शून्य देते.”

“तपासल्यावर ना, टीचर? की आधीच?”

मला राग आला. मी म्हटलं, निकाल लागू दे, कळेलच. तू पुढं जे म्हणालीस ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण तुला मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होते. “चुकला असेल तर असेल. पण त्याला पंगतीतून उठवायचं नाय. बसू दे बाकीच्यांबरोबर. सगळे मिळून काय ते ठरेल.” आणि गेलीस. चहा ओतलेला होता, तो तसाच राहिला.

त्यानंतरच्या शुक्रवारी तू आली नाहीस. मीही आले नाही. भिंतीला भिंत लागून घरं. तुझ्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

निकालाच्या दिवशी मी शाळेत होते. आपल्याकडे सकाळ झाली तेव्हा तिथं मोजणी चालली होती. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या हातात फोन. मिशिगन झुकायला लागलं, आणि झुकलं ते आदिलच्या आकड्याच्या अगदी उलट बाजूला. मी जिंकले होते म्हणायचं. आनंद वगैरे काही झाला नाही. तुला मेसेज लिहिला, ‘आदिलला सांग, असं होतं कधीकधी.’ वाचून बघितला, मोठेपणा केल्यासारखा वाटला. पुसला. पुन्हा काहीतरी लिहिलं, तेही पुसलं. घंटा झाली आणि मी वर्गावर गेले.

त्या शुक्रवारी तू आलीस. दारात उभी राहून म्हणालीस, “चहा हाय?” मी म्हटलं, “आहे.” झालं, आपण पुन्हा बोलायला लागलो. हवा कशी छान झाली आहे, खिडक्या उघड्या ठेवता येतात, बाजारात या वेळी मासा चांगला नाही. निवडणुकीचं नाव तू काढलं नाहीस, मीही नाही. माझ्या ओठांवर आलं होतं, की नसरीन, तुझंच बरोबर होतं. आदिलचा आकडा चुकला तो चुकलाच, पण असा आकडा उचलून फेकायचा नसतो, सरासरीत ठेवायचा असतो, बाकीचे त्याला आपोआप सांभाळून घेतात. हे गणित मला त्या दुपारीही येत होतं. पण तू इतकी खुशीत होतीस, की म्हटलं, आज नको, जुनं उकरायला नको. सवडीनं सांगू.

निघताना तूच वळलीस. “आदिलशी बोलले मी. लांबलचक. तुला सांगायचंय.”

“सांग ना मग.”

“आता नाय. हे नमाजाहून आले असतील. सावकाश सांगेन, गो, पळून चालले का मी?”

पुढच्या आठवड्यात लतीफभाईंचा फोन आला. मी शाळेला निघत होते. त्यांचा आवाज अगदी हळू होता. “टीचर, जरा येता का? नसरीन बोलत नाही.” ते कामावर जायला गाडीपाशी पोहोचले होते, किल्ली विसरली म्हणून घरात परतले, तर तू सोफ्यावर टेकून बसलेली. मी तुझा हात धरला तेव्हा तो गरम होता. ॲम्ब्युलन्स आली, त्यांनी खूप प्रयत्न केले. हृदय बंद पडलं, म्हणाले.

आदिल पोहोचला तेव्हा माती देऊन झाली होती. विमानतळावरून तो थेट कबरस्तानात गेला आणि तिथून घरी. लतीफभाई खुर्चीवरून उठले. आता काय होतंय म्हणून आम्ही सगळ्या बायका आतून बघत होतो. लतीफभाई म्हणाले, “थंडी होती का तिथं?” आदिल म्हणाला, “होती, अब्बा.” मग ते दोघं एकमेकांना धरून उभे राहिले. तू असतीस तर म्हणाली असतीस, बघ, जेवलास का कुणी विचारलंच नाय.

काल दुपारी तो माझ्याकडे आला. उंच आहे, तुझ्यासारखा बोलताना मान तिरकी करतो. तुमची बोली बोलतो, मधे मधे इंग्लिशमध्ये जातो आणि पुन्हा परत येतो. मी चहा ठेवला. तो म्हणाला, “आंटी, थँक यू म्हणायला आलो.”

“कशाबद्दल?”

“रिझल्टनंतर मी जॉब सोडणार होतो. फार वाईट झालं होतं. अम्मीचा फोन आला, मी तिला तसं बोललो. अम्मी बोलली, थांब. माझी मैत्रीण गणिताची टीचर हाय, ती काय बोलते ऐक. ती बोलते, वेगळा आलेला आकडा फेकायचा नसतो. पंगतीत बसवायचा. सगळे मिळून बरोबर होतात. आणि चुकला तर तपासायचा, फाडायचा नाय.” तो थोडा हसला. “आमचा बॉसपण हेच बोलला नंतर, पण एवढं चांगलं नाय. मी नाय सोडला जॉब.”

नसरीन, माझ्या हातात गाळणी होती. चहा गाळायचा राहिला. तुझं म्हणणं तू माझ्या नावावर त्याला सांगितलंस. टीचर म्हणते म्हटल्यावर तो ऐकेल म्हणून? की आपल्या भांडणात माझी बाजू पडू नये म्हणून? दुसरं असेल असं मनात येतं. मी ते बोललेच नव्हते रे बाबा, उलट बोलले होते, असं त्याला सांगावंसं फार वाटलं. पण त्याच्या आईनं त्याला दिलेली शेवटची गोष्ट होती ती. मी म्हटलं, “हो. असंच करतात.”

तुला हे सांगायचं होतं तर! सावकाश.

आम्ही चहा घेतला. त्यानं विचारलं, अम्मी इथं काय करायची, कुठं बसायची. मी खुर्ची दाखवली. तो तिथं बसला नाही, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, “आंटी, एक विचारू? अम्मीला कोण जिंकायला हवं होतं?”

मी रिकामे कप उचलले. इतके शुक्रवार, इतक्या वाड्या. कुणाला विचारलं, किती जणांना विचारलं, कोणी फोन उचलला, कोणी नाही उचलला, सगळ्यावर आपण बोललो. टीव्हीवरचं ते सगळं आवाज बंद करून बघणारी तू. तुझं काहीतरी मत असणारच. आणि मी ते एकदाही विचारलं नाही.

“अब्बांना विचारलंस?” मी म्हटलं.

“त्यांना पण नाय माहीत.” मग म्हणाला, “आमच्याकडं फॉर्मवर तसा एक कॉलम असतो: सांगता येत नाय.”

“ते तिनं म्हटलं तर. तिला विचारलंच नाही, त्याला काय म्हणतात?”

त्यानं विचार केला. त्याच्या कामाचा प्रश्न होता, म्हणून त्यानं खरंच विचार केला. “त्याला उत्तर नाय धरत, आंटी. ती विचारणाऱ्याची चूक धरतात.”

तो गेला. तुमच्या घराचं दार उघडलेलं आणि लागलेलं मला ऐकू आलं. इथं आता ऊन उतरतीला लागलं आहे, खिडकी उघडी आहे. मी मोठ्यानंच विचारते, कुणी ऐकलं तर ऐकू दे.

तुला काय वाटत होतं, गो?